उत्तरेच्या भिंतीवरचा चेहरा

हवरुप गावच्या चर्चमध्ये नाताळलासुद्धा इतकी माणसं येत नसत. फेब्रुवारीतली गुरुवारची संध्याकाळ होती, उजेड नुसता मेणबत्त्यांचा. बाहेर बर्फ वितळून चिखल झाला होता. आत बाकांवर, मधल्या वाटेत, पार दारापर्यंत ओल्या कोटांतली माणसं एकमेकांना चिकटून उभी होती. बाकांखालचे विजेचे हीटर बंद होते आणि खिडक्याही बंद होत्या. सगळ्यांची तोंडं उत्तरेच्या भिंतीकडे होती.

भिंतीला लागून टेबल मांडलं होतं. त्यावर चर्चच्या मिशन मंडळातल्या बायकांचं कॉफीचं भलंमोठं पत्र्याचं भांडं होतं आणि त्याखाली स्पिरिटचा दिवा जळत होता. टेबलापाशी व्हिलाड्स उभा होता, मेलेल्यांना बोलावतो म्हणून गावात नाव झालेला पाहुणा. अंगात करडा स्वेटर, आवाज हळू, हात पोटावर बांधलेले.

"मी काही करत नाही हो," तो म्हणाला. "मी साधा माणूस. मी फक्त दार उघडं धरतो. यायचं की नाही ते त्यांनी ठरवायचं."

"येईल ना पण आज?" पुढून कुणीतरी विचारलं.

"तुम्ही गा. मनापासून गा. थंडीत गेलेली माणसं थंडीतच परत येतात, त्यांना ऊब सोसत नाही. म्हणून तर हीटर बंद ठेवायला सांगतो मी. आणि झाकण काढा त्या भांड्याचं. टोर्किलला कॉफी आवडायची ना? मग वास जाऊ दे त्याच्यापर्यंत."

त्या खाडीकाठी कॉफी न आवडणारा मासेमार शोधून सापडला नसता. तरी पुढच्या बाकावरच्या सिड्सेलने पदराला डोळे पुसावेत तसे शालीला पुसले. "आवडायची रे," ती पुटपुटली. "फार आवडायची." टोर्किल तिचा मुलगा. नोव्हेंबरात तो खाडीत बुडाला आणि अजून सापडला नव्हता.

सिड्सेलच्या शेजारी तिची सून तीरा बसली होती. गावच्या शाळेत ती विज्ञान आणि गणित शिकवायची. तिला लोकांनी ओढून आणलं होतं आणि ती आली होती. हल्ली कुणी ये म्हटलं की ती यायची, बस म्हटलं की बसायची.

लोक गायला लागले. एक गाणं झालं, दुसरं झालं, कॉफीच्या वाफा भिंतीवर चढत राहिल्या. मग एका बाईने गाता गाता श्वास रोखला. पांढऱ्या भिंतीवर, माणसाच्या डोक्याहून थोडं वर, एक करडी सावली उमटली होती. बघता बघता तिला नाक आलं, दाढी आली, एका बाजूला झुकलेली मान आली. डोळे खाली, डावीकडे लागलेले.

"आला!" सिड्सेल उभी राहिली. "आला माझा पोरगा!"

"कुणाकडे बघतोय?" व्हिलाड्सने अगदी हलक्या आवाजात विचारलं. "मी नाही सांगत. तुम्ही बघा आणि तुम्हीच सांगा."

सगळ्यांच्या माना तिकडे वळल्या. सांगायची गरज नव्हती. चेहऱ्याची नजर खिडकीखालून तिरपी जाऊन ज्या बाकावर पडत होती, तो बाक ओस्वालच्या घराण्याचा होता. एवढ्या गर्दीत तेवढाच बाक रिकामा होता.

"मास्तरीणबाई," व्हिलाड्स तीराकडे वळला, "तुम्ही त्यांच्या पत्नी. तुम्ही ओळखलंत ना?"

तीराने चेहऱ्याकडे पाहिलं. रडू येईल म्हणून ती थांबली, पण आलं नाही. राग आला नाही, भीतीही वाटली नाही. तिच्या मनात एवढंच आलं की कॉफी फार उकळते आहे, कडू होईल. ती काही बोलली नाही, आणि तिचं न बोलणं हाच होकार असं गर्दीने धरून टाकलं.

पहिल्या दोन गुरुवारी चेहरा नुसता दिसत होता. पण नुसता दिसणारा चेहरा दोन आठवड्यांत जुना होतो. तिसऱ्या गुरुवारी व्हिलाड्सने तो कुणाकडे बघतोय ते विचारलं आणि तेव्हापासून माणसं चर्चमध्ये मावेनात. दारातली थाळी क्रोनरच्या नाण्यांनी भरायची आणि खाजगी भेटीसाठी लोक आठवडाभर आधी नाव नोंदवायचे.

ओस्वाल टोर्किलचा भागीदार होता. दोघांची एकच नाव, एकच जाळी. नाव उलटली तेव्हा दोघेही तिच्या बुडाला लटकले होते. ओस्वाल वाचला. टोर्किलचे हात सुटले, असं त्याने किनाऱ्यावर आल्यावर सांगितलं होतं. आता गावात लोक म्हणायचे की सुटले कशाला, सोडवले असतील. एकट्यापुरतीच जागा असेल. त्याच्याबरोबर समुद्रावर जायला कुणी तयार नव्हतं. येत्या सोमवारी मासेमारांची सभा होती; टोर्किलच्या जागी तिथे तीराचा हात मोजला जाणार होता. बंदरातली त्याची नाव बांधायची जागा काढून घ्यायची का, एवढाच विषय होता. जागा गेली म्हणजे धंदा गेला आणि धंदा गेला म्हणजे गाव सुटलं.

शुक्रवारी शाळेत जाताना तीराला तो बंदरावर दिसला. एकटाच जाळं सोडवत बसला होता.

"वहिनी," त्याने मान वर न करताच हाक मारली. "काल गेला होतात म्हणे."

"गेले होते."

"दिसला?"

"चेहरा दिसला."

"त्याचा?"

"मला माहीत नाही, ओस्वाल. मला त्याचा चेहरा आठवतच नाही. हात आठवतात, बूट आठवतात. चेहऱ्याच्या जागी काही नाही."

"मला आठवतो," ओस्वाल म्हणाला. "पण मला कोण विचारतंय? भिंतीला विचारतात." तो हसला, पण ते हसू कुठे पोचलं नाही. "सोमवारी हात वर करतील सगळे. मी दक्षिणेला जातो. तिकडे कारखान्यात मासे साफ करायला माणसं लागतात."

"तू त्याचे हात सोडवलेस?"

हा प्रश्न तिने हवामान विचारावं तसा विचारला. ओस्वालने पहिल्यांदा तिच्याकडे पाहिलं.

"नाही."

"बरं," तीरा म्हणाली आणि शाळेकडे निघाली. तिला त्याचं पटलं की नाही, हे तिचं तिलाच कळलं नाही. एक मात्र तिच्या लक्षात आलं. काल ती गप्प बसली होती, आणि ते गप्प बसणंच या माणसाला गावाबाहेर काढत होतं.

मधल्या सुट्टीआधी तिने ओल्या स्पंजने फळा पुसला. घाईत एकच हात फिरवला. फळा काळा कुळकुळीत झाला, सकाळची गणितं नाहीशी झाली. सुट्टी संपून ती परत आली तेव्हा फळा वाळला होता आणि सगळी गणितं जागच्या जागी होती. फिकट, पण वाचता येतील अशी. शिकवायला लागल्यापासून ती हे बघत आली होती. खडू पुरता निघालेला नसतोच. तो भिजला की दिसेनासा होतो आणि वाळला की पुन्हा पांढरा दिसतो.

ती फळ्यासमोर उभी राहिली. मुलं कुजबुजायला लागली तरी वळली नाही. खडू भिजला की त्याच्या आरपार दिसतं. चर्चच्या भिंतीवर काय असतं? चुना. म्हणजे तोच खडूचा भाऊ.

शाळा सुटल्यावर तिने निळ्या फुलांची एक तडकलेली बशी घेतली, शाळेच्या भिंतींसाठी ठेवलेल्या बादलीतला चुना तिच्यावर पातळ फासला आणि बशी चुलीवर धरून वाळवली. पांढरी, कोरी बशी. मग ती किटलीच्या वाफेवर धरली. चुना करडा पडला आणि त्यातून निळी फुलं वर आली. वाऱ्यावर धरली, फुलं गेली. पुन्हा वाफेवर धरली, फुलं आली. तिने हे इतक्या वेळा केलं की किटलीतलं पाणी संपलं. तिला आनंद झाला नाही. फक्त पुढे काय करायचं ते कळलं.

पास्टर ब्रामसेन घरी एकटे जेवत होते. तीराने बशी त्यांच्या गरम सूपवर धरली. पास्टरांचा चमचा हवेतच राहिला.

"त्या भिंतीखाली काय आहे?" तिने विचारलं.

"चित्रं असणार," ते शेवटी म्हणाले. "या मुलखातल्या जुन्या चर्चेसमध्ये कुठे नाहीत? कॅथलिक काळात छतापासून जमिनीपर्यंत रंगवायचे. वाचता येत नव्हतं लोकांना, भिंतच त्यांचं पुस्तक. पुढे धर्म बदलला, लोकांना चित्रं नकोशी झाली, चुना फासून टाकला. वर्षानुवर्षं थरावर थर. युद्धानंतर एकदा थर फार जाड होऊन गळायला लागले म्हणून खरवडून काढले आणि वर पातळ हात दिला."

"आणि बाक?"

"बाक नंतरचे. चित्रं काढली तेव्हा लोक उभेच राहायचे." ते बोलता बोलता थांबले. आपण काय बोललो ते त्यांना उमगलं. "आणि ती मोठी खिडकीसुद्धा नंतरची. स्तोत्रं वाचायला उजेड हवा म्हणून माझ्या आजोबांच्या काळात भिंत फोडून बसवली."

"म्हणजे चेहरा आधी. ओस्वालचा बाक पुढे कित्येक पिढ्यांनी तिथे आला."

पास्टरांनी सूप बाजूला सरकवलं. "तीराबाई, मी बोटांवर मोजण्याइतक्या म्हाताऱ्यांपुढे प्रवचन देत आलोय इतकी वर्षं. आता दार लागत नाही गर्दीने. मला वाटलं, निमित्त काही का असेना, येतायत ना."

"ते येतायत आणि ओस्वाल जातोय."

पास्टरांनी रुमालाला हात पुसले. मग म्हणाले, "काय हवंय तुम्हाला?"

"रविवारी प्रार्थनेनंतर, भर दुपारी. हीटर शनिवारपासून चालू. खिडक्या उघड्या. आणि कॉफी बाहेर, दारापुढच्या पडवीत."

रविवारी प्रार्थना संपल्यावर तीरा उभी राहिली. गेले तीन महिने तिच्या तोंडून वाक्य ऐकायला टपलेलं गाव एकदम चिडीचूप झालं. व्हिलाड्स आलाच होता. पाहुणा म्हणून पहिल्या रांगेत बसला होता.

"गुरुवारी मला विचारलं की मी ओळखलं का," तीरा म्हणाली. "मेणबत्तीत नीट दिसलं नाही. माझा नवरा असेल तर मला उजेडात बघायचाय. व्हिलाड्सभाऊ, बोलवाल?"

त्याचं सगळं भांडवल म्हणजे ती विधवा. तिला सगळ्यांदेखत नाही कसं म्हणणार? "बोलावतो की," तो उठला आणि नेहमीच्या जागी गेला. "अरे, टेबल कुठाय? कॉफी?"

"कॉफी बाहेर आहे. वास येईल तिथूनही."

काही लोक हसले. व्हिलाड्सने हात बांधले. "गा," तो म्हणाला. लोक गायले. एक गाणं, दोन, तीन. पायाशी हीटर, अंगावर खिडकीतला वारा, भिंतीवर लख्ख ऊन. भिंत पांढरीच राहिली.

"अविश्वास आहे इथे," व्हिलाड्स म्हणाला. "मला जाणवतोय. एखादा संशयी माणूस बसला असला की ते मागे फिरतात."

"मी आहे ना," मागून आवाज आला. ओस्वाल आत येऊन आपल्या बाकावर बसला होता. तीरानेच त्याला बोलावलं होतं. "माझ्याकडेच बघायचंय ना त्याला? आलोय मी. बघ म्हणावं."

"निर्लज्ज!" कुणीतरी ओरडलं.

तीरा बागेतला पाणी मारायचा छोटा पंप घेऊन भिंतीपाशी गेली. फुलझाडांवर फवारा मारतात तो, साधा. तिने चेहऱ्याच्या जागी पाणी मारलं. चुना करडा पडत गेला, मग नाक, मग दाढी, झुकलेली मान.

गाणं नाही, मेणबत्ती नाही, काही नाही. चर्चमध्ये पाणी टपकायचा आवाज तेवढा ऐकू येत होता.

"पांढरा सदरा भिजला की आतलं अंग दिसतं," वर्गात बोलावं तशा सरळ आवाजात तीरा म्हणाली. "कोरड्या चुन्याच्या कणांमध्ये हवा असते, म्हणून तो पांढरा दिसतो. त्या फटींत पाणी शिरलं की आरपार दिसायला लागतं. भिंत गार असली, हीटर बंद असले, एवढी माणसं तोंड उघडून गात असली आणि भिंतीखाली कॉफी उकळत असली की आपलाच श्वास आणि आपलीच वाफ तिथे पाणी होऊन बसते. चेहरा आपणच आणत होतो, दर गुरुवारी."

"चेहरा तर आहे ना पण!" व्हिलाड्सचा आवाज पहिल्यांदाच चढला. "पाण्याने दिसो की श्वासाने, आहे ना तिथे?"

"आहे. एकटा नाहीये."

ती पाणी मारत गेली. मानेखाली खांदे आले. खांद्यावर घोंगडी आली. काखेत फुगलेली पिशवी आणि तिच्यातून निघालेल्या नळ्या आल्या.

"मशकवाजा आहे तो," एक म्हातारा म्हणाला. "धनगर वाजवतात तसला."

मग काठी आली आणि काठीपाशी एक मेंढी, जिचं तोंड चितारणाऱ्याला जमलं नव्हतं. मेंढी बघून मागच्या बाकावर एक बाई फिसकन हसली आणि तिने तोंडावर हात ठेवला. धनगराची नजर खाली डावीकडे, खिडकीच्या दिशेने गेली होती. तीराने खिडकीच्या कडेला पाणी मारलं. तिथे लाकडी चौकटीला चिकटून एका गाढवाचा कान निघाला. बाकीचं गाढव खिडकीत गेलं होतं.

पास्टर ब्रामसेन पुढे आले. "गव्हाणीचं चित्र आहे. येशूच्या जन्माचं. धनगर बाळाकडे बघतोय. बाळ, आई, गव्हाण, सगळं तिथे होतं. भिंत फोडली तेव्हा ते गेलं. तो कुणाकडे बघत होता ते उरलंच नाही, म्हणून नजर पुढे सरकून या बाकावर पडते. बाक तेव्हा नव्हतेच." ते थांबले. "हे मला आधी सुचायला हवं होतं. हीटर मीच बंद करू दिले."

"मला काय ठाऊक भिंतीत काय आहे!" व्हिलाड्स म्हणाला. "मला जे दिसलं ते मी—"

"थांब." सिड्सेल उठली होती. ती त्याच्याजवळ गेली आणि कणीस पारखावं तसं त्याचं तोंड पारखून पाहिलं. "तू ह्याच भिंतीला चुना लावायला आला होतास. युद्धानंतर. चौघं जण होतात, तू सगळ्यात लहान. जेवण माझ्याकडे होतं तुमचं. साईशिवाय कॉफी पीत नव्हतास."

व्हिलाड्सने बाकावरच्या आपल्या टोपीकडे पाहिलं.

"चुन्याआधी भिंत भिजवून घेतात," सिड्सेल म्हणाली. "तेव्हाच बघितलास तू ह्याला. आणि लक्षात ठेवलास. माझा पोरगा मरेपर्यंत लक्षात ठेवलास."

व्हिलाड्सने टोपी उचलली. कुणी त्याला अडवलं नाही, मारलं नाही. माणसांनी मधली वाट करून दिली आणि तो त्यांच्यामधून निघून गेला. जाताना थाळीकडे बघायचं मात्र चुकलं नाही. थाळीपाशी मिशनच्या दोन धिप्पाड बायका उभ्या होत्या.

तीराला वाटलं, झालं, आता घरी जावं. पण लोक तिच्याकडे बघत होते, म्हणून ती बोलली.

"चित्रावर कुणी राग काढू नका. त्याने काही केलेलं नाही. आणि एक सांगते, मग बसते. आपल्याला कुणावर आरोप करायचा असेल तर तो माणसाने करावा. दिवसाउजेडी, त्याच्या तोंडावर, आणि पुरावा दाखवून. पुरावा नसेल तर गप्प बसावं. भिंतीला साक्षीदार करू नये. भिंतीवर वाफ सोडली की ती आपल्याला हवं तेच बोलते. मी गुरुवारी बोलले नाही, ते चुकलं. आता बोलते. मी त्या चेहऱ्याला ओळखत नाही."

सिड्सेल अजून मधल्या वाटेतच उभी होती. भिंत वाळत होती, मेंढी आधी गेली.

"मग तो कुठाय?" तिने सुनेला विचारलं. "पोरी, तो कुठाय मग?"

"पाण्यात, आई."

सिड्सेलने मान हलवली. हे तिला नोव्हेंबरपासून माहीत होतं. मग ती वळली आणि ओस्वालच्या बाकाकडे गेली. ओस्वाल उभा राहिला. ती त्याला बाजूला सारून बाकावर बसली आणि शेजारची जागा हाताने थोपटली.

"बस," ती म्हणाली. "तू होतास तिथे. इतके दिवस कुणाकुणाला विचारत फिरले मी. तू सांग."

"सांगण्यासारखं काही नाही, काकू."

"नसलं तरी सांग."

लोक निघायला उठले होते ते आहेत तिथेच थांबले. तीरा बाकाच्या टोकाला येऊन बसली. ओस्वालने टोपी काढून गुडघ्यावर ठेवली. तो सांगू लागला. वारा कुठून आला, जाळं कसं अडकलं, नाव किती पटकन उलटली. दोघांनी तिच्या बुडाची फळी धरली होती. टोर्किलने पहिल्यांदा शिव्या दिल्या, मग तो गप्प झाला. ओस्वालने त्याची बाही धरली होती. बाही लोकरीची होती, भिजून ताणली गेली, आणि त्याची बोटं इतकी बधिर झाली होती की बाही हातात आहे की नाही ते त्याला कळत नव्हतं. एकदा त्याने बघितलं तेव्हा हातात काही नव्हतं.

"काही म्हणाला का तो?" सिड्सेलने विचारलं. "शेवटी?"

ओस्वाल बराच वेळ टोपीकडे बघत बसला. चर्चमधल्या प्रत्येक माणसाला ठाऊक होतं की इथे एखादं गोड वाक्य सांगितलं तर ही म्हातारी त्याच्यावर उरलेलं आयुष्य काढेल. आणि सोमवारची सभाही सोपी जाईल.

"नाही, काकू," तो म्हणाला. "काही म्हणाला नाही."

सिड्सेलने त्याचा हात धरला आणि धरून ठेवला. तीरा शेजारी बसून होती. ओस्वाल बंदरावरही खरं बोलला होता आणि इथेही, एवढंच तिला कळत होतं, आणि उद्या सभेत आपला हात कुठल्या बाजूने वर जाईल ते तिला माहीत होतं.